नवव्या कलमातली पेटी

खामगाव, २ जून १९६४

चि. सौ. अन्नपूर्णा हिस, दादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. शाळेला सुट्टी, म्हणून मुलांची चित्रकथा एकदाची काढायला घेतली. पानावर चार चौकोन, बोलणं फुग्यात. मंजुळा पेटी वाजवते, नूर ढोलक. दोघींची घट्ट मैत्री. कुणावरून घेतल्या ते तुला सांगायला नको. शेजारचे बशीरचाचा अंगणात ढोलक मढवत असायचे आणि तू नि त्यांची चांदबी मिळून आमचे कान किटवायच्या.

अडलंय पेटीवरच्या बोटांवर. माझी मंजुळा वाजवते की कणीक मळते, कळत नाही. हात कसे ठेवायचे ते सविस्तर कळव. शेवटच्या पानासाठी गाणंही रचून पाठव. जावईबापूंस नमस्कार. माया आहेच, ती वाढो.

तुझा शालिग्राम

मेहकर, ११ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. डावा हात मागे भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, मनगट सैल. एवढंच सांगता आलं. पुढचं आठवेना म्हणून पोळपाटाच्या कडेवर बोटं फिरवून पाहिली, तर ती भलतीकडेच गेली.

चार वर्षं झाली, दादा. हट्टाने आणलेली माझी पेटी सासूबाईंनी आल्या दिवशीच कोठीच्या खोलीत कुलपात ठेवली. हे एस.टी.वर, आठवड्यातून दोन दिवस घरी. आईपुढे बोलत नाहीत. मला इथे कोंडल्यासारखं होतं. दुपारी तासभर पेटी मिळाली तरी पुरे. सासूबाई तुला फार मानतात, त्यांना दोन ओळी लिही ना. गाणं सोबत आहे. वहिनीस नमस्कार, आठवण ठेव.

तुझी अन्नपूर्णा

खामगाव, २० जून

चि. सौ. अन्नपूर्णा हिस, अ. उ. आ.

बोटं जमली, गाणं तर फक्कड. सासूबाईंना लिहायचं म्हणशील, तर दुसऱ्याच्या घरात आपण कसं बोलावं? जरा सबुरीने घे. गोष्टीतल्या मंजुळेलाही तिची मावशी कोंडते. नूर भिंतीपलीकडून ढोलक वाजवते आणि मावशीचं मन द्रवतं. तुझंही तसंच होईल. राग मानू नकोस.

शालिग्राम

मेहकर, ३ जुलै

ती. दादास, शि. सा. न.

हिय्या करून मीच विचारलं. सासूबाई रागावल्या नाहीत. ट्रंकेतून लग्नाची यादी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मानपान, आहेर, आणि नववं कलम : मुलगी सासरी गाणार-वाजवणार नाही. अक्षर तुझं, खाली पाच पंचांच्या सह्या. त्या म्हणाल्या, "मी काऊन कोंडू तुले? तुह्या भावानंच लिहून देल्लं. मी त शबद पाळून राह्यली."

चार वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात बोल लावत होते. दादा, मला एकदा विचारायचं तरी होतंस.

अन्नपूर्णा

खामगाव, ९ जुलै

चि. सौ. अन्नपूर्णा हिस, आशीर्वाद.

बाबा गेलेले. गाणारी मुलगी नको म्हणून दोन स्थळं परत गेलेली. तिसरंही जाईल या धास्तीने ते कलम मी आपणहून घातलं. त्यांनी मागितलंही नव्हतं. चुकलो. अट मागे घेतल्याचं पत्र सासूबाईंच्या नावे सोबत जोडलं आहे. ते वाचून दाखव.

शालिग्राम

मेहकर, १५ जानेवारी १९६५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

चित्रकथा पोचली. छापून छान आली आहे. तुझं ते पत्र मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. सासूबाईंचं म्हणणं असं की पाच पंचांनी सह्या केलेलं एकट्या भावाच्या चिठ्ठीने कसं खोडायचं? आणि त्यातले दोघे आता हयात नाहीत. त्यांचंही चुकतं असं मला म्हणवत नाही.

काल संक्रांतीला गल्लीतल्या मुली जमल्या. मी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं, सासूबाईही चित्रं पाहायला जवळ येऊन बसल्या. नूर सगळ्यांना आवडली. शेवटच्या पानावर माझं गाणं आलं. मुली म्हणाल्या, आता म्हणून दाखवा. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मग मी ते गाणं वर्तमानपत्रासारखं वाचून दाखवलं.

शेजारच्या रुख्मिणीने विचारलं, मंजुळा असंच गात होती का? मी हो म्हटलं.

लोभ आहे, दादा. तो कमी करता येत नाही.

अन्नपूर्णा