माळावरच्या फारसी वस्तीची नोंद

सोमवार, १७ नोव्हेंबर

आप्पा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. आज लिहितेय तीही मायेनं नाही. दुपारी पत्र्याच्या पेटीत जनगणनेची तुमची कच्ची वही सापडली. तेव्हापासून तुमच्यावर इतकी चिडलेय की घास उतरला नाही.

तेर गावाच्या वाटेवर, आपल्या गावाबाहेरच्या माळावर इराण्यांची वस्ती आहे, बाजारात चष्मे विकणाऱ्या लोकांची. मी सातवीत होते, लिहून घ्यायला तुम्ही मला सोबत नेलं होतं. एक म्हातारी आजी बाजेवर बसलेली. ती घरागणिक माणसं सांगते, मी पेन्सिलीनं उतरवते. मातृभाषेच्या रकान्यापाशी तुम्ही अडलात.

"उर्दू लिहितो."

"नहीं मास्तर, घर में फारसी. फारसी लिखो."

"अहो आजी, फारसी निजामासंगं गेली!"

"निजाम गया, मैं तो इधरच बैठी हूँ ना."

सगळी वस्ती हसली, तुम्हीही हसलात. दोन कप चहा घेतलात. आजीच्या मुलानं तुमच्या डोळ्यांवर नवा चष्मा चढवला आणि पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर तोच चष्मा लावून तुम्ही पान पाहिलंत. "काट हे सगळं. त्या भाषेबद्दल वरच्या साहेबांकडून विचारणा होईल, कोण उत्तरं देत बसणार? लिही, फिरते लोक, वस्ती नाही." वस्ती नाही! विटांच्या भिंती होत्या आप्पा, दारात कोंबड्या होत्या, लिंबाला झोका बांधलेला होता. हजेरीपटात मैत्रिणीची खोटी हजेरी मांडली म्हणून मला दिवसभर वर्गाबाहेर उभं करणारे तुम्हीच ना? आणि इथं अख्खी वस्ती पुसलीत, जागेसकट, माणसांसकट. तुम्हाला कुणी उभं केलं नाही.

आजीची नात माझ्याच वयाची आहे. घराची जागा नावावर करायची तर तलाठी तिला म्हणतो, "जुना कागद दाखवा, न्हायतर तुमी इथं नव्हताच." परवा तिनंच वहीचं विचारलं, म्हणून मी पेटी उघडली. आज संध्याकाळी ती पुन्हा आली. "ताई, मास्तरांच्या वहीत आमी असणारच की. आजी मरेपर्यंत सांगायची, मास्तर दोन कप चहा पिऊन गेले, अन् साखर लई लागायची त्यांना!"

खरं तर सगळा राग तुमच्यावरच काढावा का, हेही मला ठरवता येत नाही. काटायची रेघ पट्टी धरून मी ओढली. हात दुखत होता, ती अनोळखी नावं पक्क्या यादीत पुन्हा सुवाच्य लिहायला मला नको होती. तुम्ही 'काट' म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं होतं. रेघेखालची नावं अजून स्पष्ट वाचता येतात. आजीचं, तिच्या मुलाचं, आणि सर्वांत खाली, वय बारा, या नातीचं. भाषा फारसी.

तरी मी तिला म्हणाले, "वही नाही सापडली गं." तुमची अब्रू जाईल असं मनात आलंसुद्धा नाही. पानावरचं अक्षर माझं होतं, तेवढंच दिसत होतं. ती "असू द्या ताई, तुमी तरी काय करणार" म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही.

उद्या: सकाळीच वही घेऊन वस्तीवर जाणे.