सिमेंटखालची ओल

भिंतीला सिमेंट लावा म्हणून फर्मावणाऱ्यानं आधी ती भिंत कशाची हाय ते तरी बघावं. आता तीच फुगली तर म्हणतात, पाडा!

प्रिय तृप्ती,

खुशाली नंतर. आधी आपल्या बालवाडीचं ऐक. मागच्या साली तुमच्या बांधकामाच्या ऑफिसचा कागद आल्ता, मातीचा गिलावा नियमात बसत न्हाई, सिमेंटचा करा. तिथं पंचवीस सालं मी लेकरांची खिचडी रांधली, पण मला कोण विचारतं? भुजंग गवंड्याला बजावलं, दगडामातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे भर उन्हाळ्यात माणूस मेणकापडात गुंडाळल्यागत. तो म्हणला, आजी, कागदात हाय तसं केलं तरच बिल निघतं. आतून-बाहेरून गच्च लिंपून टाकलं.

पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीत चढते, ती आधी मातीतून निघून जायची. आता तिला वाटच न्हाई. भिंत आतल्या आत भिजली अन् पोट सुटल्यागत फुगली. मंग तपासणी झाली, ती बी फोनवरच्या फोटोंवर. फोटोत ओल दिसते, कशानं आली ते दिसत न्हाई. निकाल आला, इमारत धोकादायक, पाडून स्लॅबची बांधा. दुरुस्तीचा रकानाच न्हाई म्हणे! सरपंच संपत खुश हाय. वैशाखात स्लॅबखाली लेकरं भाजतील, तो थोडाच तिथं बसणार हाय?

मी खुरप्यानं हातभर सिमेंट खरवडून काढलं. पंधरा दिवसांत तेवढी भिंत खडखडीत वाळली. शेजारची अजून गार लागते. गुडघे दुखून राह्यले, ते जाऊ दे.

हे तुलाच का लिहिते? काल ग्रामपंचायतीत दोन्ही कागद चिकटवले. सिमेंट लावा, त्याखाली सही तुझी. पाडा, त्याखाली बी तुझीच. मला ती बराबर ओळखू येते. बालवाडीच्या त्याच खोलीत तू मला सही गिरवायला शिकवलीस, चुकले की पाटी पुसायला लावायचीस. नियम तू केला न्हाईस, कबूल. पण न बघता सही केलीस. सोमवारी पाडायचं मशीन येणार हाय. त्याआधी ये, वाळलेल्या अन् ओल्या, दोन्ही जागी हात लाव, अन् मंग लिही. रकाना नसला तर कागदाच्या पाठीवर लिही.

तुझीच आजी,
दैवशाला
केदारखेडा

उत्तर तूच घेऊन यायचं. बापाला फोन करायला लावू नको, साहेबाचा शिक्का धाडू नको.