तिसऱ्या रविवारचं पान

अंबाजोगाई,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. पप्पांस,
शलोमीचा सलाम. मी बरी आहे. प्रयोगशाळेत काम नेहमीचंच. तुम्ही गुडघ्याला तेल लावता की नाही, ते कळवा. फोनवर आपण दोघंही चटकन रागावून फोन ठेवतो, म्हणून पत्र लिहितेय.

तुमच्या आगमनकाळाच्या मननांच्या पुस्तकाची पानं संगणकावर लावून झाली. आकार खिशात मावेल असा ठेवलाय. नाताळाआधीच्या त्या चार रविवारी आपलं अर्धं चर्च धारूरला नसतंच, ऊस तोडायला गेलेलं असतं. तुम्ही लिहिलंयही त्यांच्यासाठीच. फडावरच्या पाचटाच्या कोपीत उजेड कमी, म्हणून अक्षर मोठं घेतलं. पहिला रविवार, आशेचा, मला सगळ्यात आवडला. तिथे एका शब्दालाही हात लावलेला नाही.

प्रेसवाले अर्जुनराव रोज टोचतात, "ताई, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या गाड्यांत बसतील. मग पुस्तकं काय रिकाम्या बाकांना वाटायची?" त्यांचं बरोबर आहे. तरी मी एक पान अडवलंय.

तिसरा रविवार, आनंदाचा. "औषधं सोडली, गुडघे टेकले आणि लेकरू बरं झालं." मागच्या आठवड्यात मी या ओळीला खोटं म्हणाले. तो शब्द मागे घेते. पान मात्र अजून अडवलेलंच आहे. कारण सांगते.

शुक्रवारी आपल्या चर्चमधली एक बाई थुंकीची तपासणी करून घ्यायला आली. नाव लिहीत नाही. तिचे क्षयाचे उपचार अर्धेच झालेत आणि तीही साखर कारखान्यावर निघालीय. मला म्हणाली, "पाळकबाबानं वाचून दाखवलं की चर्चमधी. एका लेकराच्या गोळ्या सोडल्या अन् ते परार्थनेनं बरं झालं म्हनं. मग म्या कावून गिळू? पित्त लई खवळतंय."

"ते लेकरू मीच," मी म्हणाले.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धडधाकट हाईस की गं! मग तुझा बाप लबाड लिवतोय व्हय?"

"नाही. अर्धं लिहितोय."

पप्पा, मी लहान होते, पण विसरले नाही. माझ्या क्षयाच्या गोळ्या संपायच्या आत तुम्ही इथे दवाखान्यात येऊन रांगेत उभे राहायचात. एकदा एसटी बंद होती, तर सायकलवर घाट चढून आलात. लघवी लाल झाली म्हणून मी रडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "भिऊ नको बाळा, औषध लागू पडतंय." गोळीवर गुळाचा खडा. मग कपाळावर हात ठेवून प्रार्थना. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

हे तुम्ही का गाळलंत, याचा मी अंदाज बांधलाय. देवाचं श्रेय कमी होईल, असं वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. प्रार्थना ऐकून त्याने तुम्हालाच तर घाट चढायला लावला. मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे, पण त्या पानावर तुम्ही कुठेच नाही.

मी ही ओळ सुचवते: "आम्ही रोज गुडघे टेकले आणि रोज गोळी दिली, दोन्हींत खंड पडू दिला नाही."

संगणक माझ्याकडे आहे, ओळ मी बदलू शकते. बदलणार नाही. पुस्तक तुमचं आहे. पण जुन्या ओळीसकट ते माझ्या हातून छापायला जाणार नाही. त्या बाईला मी सांगितलंय, "निघायच्या आधी पाळकबाबा स्वतः घरी येऊन पूर्ण गोष्ट सांगतील. तोवर गोळी चुकवू नका." तुम्हाला न विचारता शब्द दिला. तुम्ही तो पाळाल, याची मला खात्री आहे.

आणखी एक, जे फोनवर जमत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्याच्या थुंकीची काच स्वच्छ, जंतूंशिवाय दिसली की अहवाल लिहिण्याआधी मी क्षणभर डोळे मिटते. शेजारच्यांना वाटतं, डोळे दुखतात. मी त्यांना तसंच वाटू देते.

गोळीने आणि प्रार्थनेने बरी झालेली,
तुमची
शलोमी