सातव्या टप्प्यातला शिपाई

मखमलाबाद, नाशिक
१७ सप्टेंबर २००६

प्रिय ललित,

अनेक आशीर्वाद. तू केलेल्या गेमची सीडी आणि सोबतचा छापील कागद येऊन आज तीन आठवडे झाले. "आप्पा, ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही अशा माणसाचं मत आमच्या साहेबांना हवंय. खेळून बघा आणि खरं ते लिहा," एवढीच तुझी चिठ्ठी. सहा वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलंस ते हे पहिलंच, म्हणून मी ते मनावर घेतलं. मला पारख येते ती झेंडूची. पाटीत हात घातला की फूल सकाळी खुडलंय की आदल्या संध्याकाळी, हे न बघता सांगतो. गेमची पारख मी काय करणार? तरी कागदावरच्या नऊ रकान्यांत गुण भरलेत. दहावा, 'शेवट कसा वाटला?' हा, रिकामा आहे. तो का रिकामा ठेवला ते त्या रेघांमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत तुझ्याच टेबलावर आहे. नाथाकाकाची योगिनी आता कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, रोज जेवणानंतर सरावाला येते. तिनेच मला माउस धरायला शिकवलं. पहिले दोन दिवस मी नुसता भिंतीवर आपटत होतो, नाहीतर आभाळाकडे बंदूक करून उभा. ती हसून हसून बेजार. "आप्पाकाका, गोळी घाला ना! पाहुणा आहे का तो, या बसा म्हणायला?" असं ओरडायची. गेमचं नाव इंग्रजीत आहे, तिने त्याचा अर्थ सांगितला, बर्फाखालची पलटण. उंच डोंगरावर लढाई चाललीय, आपण एकटे शिपाई, आणि बर्फात गाडले गेलेले मेलेले शिपाई उठून अंगावर येतात. तिने तोंड वेंगाडून नक्कल केली. तुझी आई आतून म्हणाली, दिवेलागणीला असलं काही बोलू नका गं. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

गुणांचं सांगतो. बर्फाला मी दहापैकी दहा दिलेत. तुझ्या गेममधला बर्फ पांढरा नाही. संध्याकाळ झाली की तो मोरचुदासारखा निळा पडतो. योगिनीला वाटलं रंग चुकलाय. मला माहीत आहे तो चुकलेला नाही. समाधानने वरच्या चौकीवरून धाडलेल्या दुसऱ्या पत्रात ते होतं, 'आप्पा, इथला बर्फ संध्याकाळी द्राक्षांवर फवारायच्या मोरचुदासारखा दिसतो.' ते पत्र तू त्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं होतंस, आईसाठी. नंतर कधी तू दादाचं नाव घेतलं नाहीस, म्हणून मला वाटायचं तू ते विसरलास. बर्फ बघितला आणि कळलं, विसरला नाहीस.

भीतीला मात्र मी चारच गुण दिले. राग मानू नकोस. पहिल्या सहा टप्प्यांतली तुझी भुतं फार ओरडतात. डोळे लाल, दात बाहेर. लहान मूल दचकेल, पण मोठ्या माणसाला त्यांची भीती वाटत नाही. ज्याची काही इच्छा राहून गेलीय तो ओरडत नाही रे. तो उंबऱ्याबाहेर गप्प उभा राहतो, आपण विचारायची वाट बघत. आणखी एक उणीव आहे. गोळी लागली की तुझा मेलेला शिपाई विरघळून जातो, त्याला कोणी उचलत नाही. समाधानने लिहिलं होतं की जोडीदाराला खाली आणायला त्यांना दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत कोणी एकमेकांशी बोललं नाही. लढाईतलं ते काम तुझ्या गेममध्ये कुठेच नाही. हे मी तिसऱ्या रकान्यात लिहिलंय. साहेबांना पटेल न पटेल.

मग सातवा टप्पा आला. वादळ, समोरचं काही दिसत नाही, आणि त्यातून एकटाच शिपाई येतो. बाकीच्यांसारखा धावत नाही. डावा खांदा खाली टाकून चालतो. योगिनी म्हणाली, ह्याला नीट काढलंच नाही, वाकडा आहे. आठव्या वर्षापासून डाव्या खांद्यावर फुलांच्या पाट्या वाहिलेलं पोर तसंच चालतं, हे तिला कुठून कळणार? ती तेव्हा लहान होती. मग तो थांबला आणि छातीवरच्या खिशावर दोनदा हात मारला. ललित, त्या खिशात काय असायचं ते आपल्या घरात तिघांनाच माहीत आहे. सप्तशृंगीचा अंगारा, प्लॅस्टिकच्या पुडीत, भरतीला निघाला तेव्हा मीच घातलेला.

त्याच वेळी तो खाकरला. दोनदा, बारीक. दारात आल्यावर समाधान खाकरायचा तसा. आवाज तुझाच भरला असशील, तुम्हा दोघांचा घसा सारखाच. आई आत मेथी निवडत होती. ती जुडी हातात घेऊनच बाहेर आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "कोण आलंय गं?" योगिनी म्हणाली, कोणी नाही काकू, गेममधला आहे. आई थोडी थांबली, आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून निवडायची भाजी सुपात घेऊन आमच्या मागे येऊन बसली. म्हणाली, "तो लाव गं, खाकरणारा." तेव्हापासून रोज यायची. पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. दाराकडे तोंड करून बसायची.

त्या शिपायाला आम्ही पुष्कळ गोळ्या घातल्या. म्हणजे योगिनीने. माझ्याने झालं नाही. तो पडतो आणि उठतो, पुन्हा तसाच येतो. "काका, हा मरतच नाही, ललितदादाने काहीतरी घोळ करून ठेवलाय," असं म्हणून ती चिडली. शेवटी तिने शोधून काढलं की त्याला मारायचंच नसतं, चुकवायचं असतं. तो दोन पावलांवर आला की मान खाली घालून त्याच्या बाजूने पळत सुटायचं. मागे बघायचं नाही. मागे बघितलं की गेम संपला. ती पळाली, आठवा टप्पा उघडला, टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, मला पुन्हा सातवाच लाव.

गेल्या बुधवारी मी एकटा खेळलो. बंदूक खाली केली आणि पळालो नाही. तो जवळ आला, अगदी तोंडासमोर. चेहऱ्याच्या जागी तू काही काढलेलं नाहीस, नुसता बर्फ. खिशावर हात मारला, खाकरला, आणि मग त्याने डावा हात कानाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. पडदा हळूहळू पांढरा होत गेला. योगिनीला दाखवलं तर म्हणाली, वाऱ्यासाठी कान झाकतोय. मी हो म्हटलं. पण वाऱ्यासाठी माणूस दोन्ही कान झाकतो. एक हात कानाशी धरून माणूस फोनवर समोरच्याच्या आवाजाची वाट बघतो.

हे मला का कळलं ते आता लिहितो. इतकी वर्षं लिहायला हवं होतं. दोन हजार सालच्या फेब्रुवारीत, रविवारी, तू सिंधुबाईच्या एसटीडी बूथच्या मागच्या खोलीत गेम खेळत होतास. तिकडे दोन कॉम्प्युटर होते, तुम्ही पोरं तिथेच पडीक असायचा. समाधानचा फोन आला. सिंधुबाईने मला निरोप धाडला, पण मी पाटाच्या पाण्यावर होतो. तो म्हणाला, मावशी, ललितला द्या, त्याच्याशीच बोलायचंय. ती तुला तीनदा बोलवायला आली. तू म्हणालास, "एवढी लेव्हल संपू दे, आलोच. दादाला काय, पुढच्या रविवारी परत करेल." तिकडे तो फोन कानाशी धरून उभा राहिला, मग लाइन तुटली. बुधवारी त्यांच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. तू सतरा-अठराचा होतास, ललित. त्या वयातलं कोणतंही पोर हेच म्हणालं असतं. सिंधुबाईने हे मला दशक्रियेच्या संध्याकाळी सांगितलं, रडत सांगितलं. मी तुझ्याजवळ कधी काढलं नाही. वाटलं, पोराला कशाला जाळायचं. आता वाटतं, गप्प राहून मी तुला एकट्यालाच जळत ठेवलं.

आणि माझी स्वतःची चूक वेगळीच. देह मिळाला नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून दहन दिलं. दहाव्या दिवशी रामकुंडावर पिंड ठेवला. कावळा आला, दोन वितींवर येऊन बसला, पण शिवेना. मी हात जोडून म्हटलं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. नाही शिवला. नाथा म्हणाला, ललितचं शिक्षण पुरं करू. आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. कावळा तसाच. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू पाण्याकडे बघत होतास. दीड तास गेला, ऊन चढलं, मागे दुसरी माणसं आपापले पिंड घेऊन खोळंबली होती. मला त्यांची लाज वाटली. गुरुजींना म्हटलं, उरका. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्रात ते चालतं. पण खरा कावळा तिथेच होता रे, तुझ्याकडे बघत. अजून थोडा वेळ बसलो असतो तर तू बोलला असतास. मी बसलो नाही. त्याच महिन्यात तू पुण्याला गेलास, आणि घरी येतोस तो दिवाळीला एक दिवस. फोन केला की 'मिटिंगमध्ये आहे' म्हणतोस.

म्हणून फोन करत नाही. योगिनी उद्या पहाटेच्या गाडीने परीक्षेसाठी पुण्याला निघतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय. पत्रात काय आहे ते तिला सांगितलेलं नाही, पाकीट चिकटवलंय. तू ते बसून वाच.

मी बुधवारी त्या शिपायासमोर उभा राहिलो ते तुला सांगितलं. गुरुवारी सकाळी मी वाफ्यात होतो आणि देवळालीहून लष्कराची जीप आली. दोन माणसं होती. त्यातला मोठा साहेब दारात टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं. यंदा वर बर्फ फार वितळलाय. गस्तीवरच्या पोरांना समाधान सापडला. गळ्यातला बिल्ला आहे, नंबर जुळला. छातीवरच्या खिशात अंगाऱ्याची पुडी होती, आणि पुडीत घडी केलेला कागद, त्यावर बूथचा नंबर. अक्षर तुझं आहे, मी ओळखलं. साहेबाने खाली बघत सांगितलं की बर्फाने त्याला तसाच ठेवलाय, चेहरा ओळखू येतो. आईने एवढंच विचारलं, "पायात मोजे होते का?" ते हो म्हणाले. तेव्हापासून तिने तो गेम लावायला सांगितलेला नाही. बुधवारी वीस तारखेला सकाळी अकराला ओझरच्या विमानतळावर त्याला आणतायत. पितृपक्ष चालू आहे, त्याने वेळही तीच निवडली. ललित, तो अजून बावीसचाच आहे, आणि तू चोवीसचा झालास. ह्या वेळी तू मोठा आहेस, त्याला खाली उतरवून घ्यायला तू पुढे हो, खांदा तू दे. झेंडू मी त्या दिवशी पहाटे स्वतः खुडणार आहे. गुरुजी म्हणाले, देह आला म्हणजे सगळं पुन्हा करायचं, दहावाही पुन्हा. तेव्हा दर्भाचा कावळा करायचा नाही, असं मी त्यांना आजच सांगून आलोय. तू बोलेपर्यंत आम्ही कुंडावर बसून राहू.

तुझाच,
आप्पा