मशीन वापस करू नको

रेणू,
चिपवाली मशीन नागपूरले वापस पाठवू नको. तिच्यात खोट नाही. काल टीव्हीच्या चिपमंदी सॉफ्टवेअर भरून राहिलं होतं, तवा मशीनची वायर मीच उपटली अन् परत लावली. चहाले दोनदा हाक मारली तं तू उठली नाही, फोन आला तं पळत गेली. मले राग आला. अर्ध्यात तोडलं तं टीव्ही सुरूच होत नाही, हे मले काय ठाऊक? जुन्या सॉफ्टवेअरची नक्कल तू पयले काढून ठेवते ना, तीच भर. मंगलाबाईच्या टीव्हीले उशीर माह्यामुळं झाला, हे तिले सांगाले मी तिच्या गावी कारध्याले गेली आहे.

ही चिठ्ठी तुह्या नवऱ्याले, भूपेंद्रले, वाचाले दे. काल तो तुले म्हणे, जमत नाही तं कायले बसते. तवा मी बाजूले बसून गुमान तांदूळ निवडत होती.

तुही सासू