वॉल्टरसाहेबांच्या आजीचा कोबी

प्रिय वॉल्टरसाहेब,

हयात असताना तुम्हाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आता आहात तिथे भाषेची अडचण नसावी, म्हणून सरळ माझ्या भाषेत लिहितोय. परवा जेद्दाहून माझं विमान आहे, फायनल एक्झिट, म्हणजे सौदी कायमची सोडून. आणि काल तुमच्या लेकीने, सुझनने, मेसेज करून असं काही विचारलं, की तुम्हाला गाठल्याशिवाय राहवेना!

राबिघच्या कॅम्पात तुम्ही मेसचे मॅनेजर आणि मी गुहागरचा कुक. पहिल्याच महिन्यात तुम्ही मला आंबट कोबी शिकवलात, आठवतं? बारीक चिरायचा, मीठ चोळायचं, बरणीत दाबून वर दगड ठेवायचा आणि तीन आठवडे हात लावायचा नाही. बस्स. मला वाटलं, साहेब काहीतरी विसरले. लोणच्याला तेल नाही म्हणजे काय! तुम्ही सुट्टीवर गेलात आणि मी अख्ख्या बरणीवर मोहरी-हिंग-हळदीची फोडणी गार करून ओतली.

काय लाल झाला होतात! "इस्माईल, माझी आजी हे बघून रडली असती!" मग एक घास खाल्लात. मग दुसरा. तिसऱ्याला सॉसेज मागवलंत आणि विषय मिटला.

त्या जेवणावरच तुम्ही घरची गोष्ट सांगितलीत. आजी लहानपणी जर्मनीहून बोटीने विस्कॉन्सिनला आली. पहिल्या महायुद्धात शेजारी संशयाने बघायला लागले, तेव्हा घरात जर्मन बोलणं बंद झालं. लोकांनी कोबीचंसुद्धा नाव बदलून 'लिबर्टी कॅबेज' केलं! "भाषा गेली, कोबी राहिला," तुम्ही म्हणालात. "आता हॉट डॉगवर घालून सगळी अमेरिका खाते, पण कुणाचा ते कुणी विचारत नाही."

तुम्ही रिटायर होऊन गेलात आणि इकडे सौदीकरणाचा जोर वाढला. किचन इनचार्जच्या जागेवर सौदी माणूस हवा, असं ठरलं. माझ्या हाताखाली सालेमला दिलं. राबिघचाच, दोन मुलांचा बाप, सज्जन माणूस. त्याला सगळं शिकवलं, कोबी तेवढा नाही! दर शुक्रवारी कॅम्पातले अमेरिकन तो मागायचे, आणि मला वाटायचं, तेवढ्यावर तरी माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, रिन्यू होईल. स्टोअरचं दार आतून लावून मी कोबी चिरायचो. "इस्माईल, व्हाय डोअर क्लोज?" सालेम विचारायचा. "डस्ट," मी म्हणायचो. लाज वाटते हो आता.

दोन महिन्यांपूर्वी सुझनने कळवलं, तुम्ही गेलात. खाली लिहिलं होतं, "डॅडी तळघरात दार लावून कोबी करायचे. आम्हाला कधी शिकवलाच नाही. तुम्हाला येतो का?" असं कसं केलंत, साहेब? मला शिकवलंत आणि पोटच्या पोरीला नाही? फोन हातात धरून मी रडलो, आणि मग माझं स्वतःचं बंद दार आठवलं.

त्याच सकाळी सालेमला स्टोअरमध्ये बोलावून कोबी शिकवला. सुझनलाही तुमची कृती लिहून पाठवली. महिन्याभरात सालेम इनचार्ज झाला. माझी भीती खरीच ठरली. पण खरं सांगू? इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं! इकाम्याची ती रोजची धाकधूक संपली एकदाची.

गेल्या आठवड्यात सालेमने घरून डबा आणला. कोबीत चक्क वाळलेलं काळं लिंबू! "माय मदर आयडिया. यल्ला, ईट!" मी ओरडणारच होतो, पण तुमचा तो लाल चेहरा आठवला आणि हसू आलं. मुकाट्याने खाल्लं. चांगलं लागत होतं.

आणि काल सुझनचा मेसेज. "कोबी जमला! पण वर घालायचं ते काळ्या दाण्यांचं पिवळं तेल तुमच्या कृतीत नाही. ते कसं करायचं? डॅडी म्हणायचे, ते पणजीने जर्मनीहून आणलंय."

जर्मनीहून? वॉल्टरसाहेब!

फोडणीची कृती आजच पाठवतोय. हिंग गुहागरला पोचलो की पार्सल करीन. आणि तुम्हाला शब्द देतो, ती फोडणी कुणाची हे सुझनला माझ्या तोंडून कधीही कळणार नाही. तुमच्या आजीचीच राहू दे.

तुमचा,
इस्माईल
(परवापासून गुहागरकर)