रविवार होऊ द्या

अण्णा, तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं उलटली आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढं काय लिहायचं असतं माणसाला, पोस्टकार्डावर मावेल तेवढंच बोलावं. नाही मावणार. दुपारची वेळ आहे, बाहेर लू सुटली आहे, कूलरमध्ये पाणी भरून झालं आणि सकाळच्या भातात दही कालवून जेवणही उरकलं. एकटीसाठी दोनदा कुकर लावायचा मला कंटाळा येतो. मराठी लिहिताना हात अडखळतोय, हसू नका. दिवसभर हिंदीत बोलायचं, अहवाल हिंदीत लिहायचे, भाजीवाल्याशी बुंदेलीत हुज्जत घालायची. आपली मराठी उरली ती देवापुढे आणि तुमच्या फोटोपुढे, आणि दोन्हीकडून उत्तर येत नाही. मंगळवारपासून मला नीट झोप नाही. कुणाला सांगावं तर घरात भिंती आहेत.

मी काय काम करते ते तुम्हाला अर्धवटच ठाऊक. तुमच्यावेळी मी प्रोबेशन ऑफिसात साधी कारकून होते. पुढे बढती मिळाली, निवृत्त झाले, आणि घरी बसून काय करायचं म्हणून हे अंगावर घेतलं. पोरंपोरी लहानसहान चोरीमारीत सापडतात. त्यांना सुधारगृहात धाडण्याआधी बाल न्याय मंडळ आमच्याकडे पाठवतं. मग आम्ही त्यांच्याच मोहल्ल्यात बैठक लावतो. सतरंजी घालायची, चहा करायचा आणि ते मूल, त्याच्या घरचे, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि शेजारचे दोघं, सगळ्यांना गोल बसवायचं. नियम एकच. प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याचं बोलायचं, ‘अपने हिस्से की बात’. दुसऱ्याने काय केलं ते कुणी सांगू लागलं की मी हात वर करते. ऐकायला सोपं वाटतं, पण चांगले धट्टेकट्टे बाप घामाघूम होतात. इथल्या गल्ल्यांपासून पार गरौठा तालुक्यापर्यंत हे काम करणारी पोरं मी तयार केली आहेत. लोकांच्या तोंडून त्यांचा वाटा काढावा तो दीदींनीच, असं ती म्हणतात. आणि मी मान डोलावते, काय लाज.

यातलं निम्मं तुमच्याकडूनच आलं. एकदा तुम्ही माझा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात आला होतात. मी एका मुलाच्या आईला सगळ्यांदेखत फैलावर घेत होते, पोराकडे लक्ष देता येत नाही का, वगैरे. तुम्ही डबा ठेवून निघून गेलात. संध्याकाळी पायातले बूट काढता काढता म्हणालात, “त्या बाईला चारचौघांत खाली पाहायला लावलंस. पोराला घरी कुणी न्यायचंय, तू की तिने?” मला राग आला होता. तुम्ही माझ्या कामात प्रथमच बोललात तेही असं. आणि पोराला घरी नेण्याबद्दल तुम्ही माझ्याशी बोलावं, हे मला झोंबलं होतं. का झोंबलं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. तुम्ही मात्र तसं काही मनात नसल्यासारखे जेवायला बसलात, आणि बहुतेक खरंच नसावं.

मंगळवारची बैठक खंडेराव गेटच्या आत, एका शाळेच्या वर्गात होती. सोळा वर्षांची मुलगी. जिच्याकडे शिवण शिकायला जायची त्या बाईंचाच मोबाईल तिने उचलला होता. फोन दुसऱ्याच दिवशी परत मिळाला, बाईंनी ठाण्यात सांगितलंही की बाप येऊन घेऊन गेला तर माझं काही म्हणणं नाही. पण बाप आलाच नाही, आणि मुलगी अकरा दिवस परक्या शहरातल्या सुधारगृहात राहून आली. बाप ई-रिक्षा चालवतो. त्याची पाळी आली तेव्हा खाली मान घालून एवढंच म्हणाला, “हमसे देर हो गई.” शेजाऱ्यांना ते पटलं नाही. पोटच्या पोरीला न्यायला वेळ मिळत नाही, असा सूर निघाला. मी हात वर केला. मुलगी बापाकडे पाठ करून बसली होती, इतकी की अर्धी सतरंजीबाहेर. आणि मग तिची मोठी बहीण, हातावरची मेंदी अजून गेलेली नाही अशी, कुणी विचारलेलं नसताना बोलली.

“पापा से हमने कही थी, अभी मत लाओ. हमाई सगाई निपट जान दो.”

धाकटी हळूहळू वळली. आधी तिने बहिणीकडे पाहिलं, मग बापाकडे. म्हणाली, “हम तो इत्ते दिन पापा से नाराज बैठे रहे.” त्या बापाने तेव्हाही मोठ्या मुलीकडे बोट दाखवलं नाही. अशा वेळी बैठक पुढे न्यायची जबाबदारी माझी असते. मी नव्या मुलांना हेच शिकवते, शांततेला घाबरू नका, पण फार लांबवूही नका. मी वही सहकारी मुलीच्या हातात दिली आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. ती मागून विचारत आली, दीदी, तबीयत ठीक आहे ना. मी सांगितलं, ॲसिडिटी आहे.

अण्णा, तो बुधवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर. मी एकोणीस वर्षांची आहे. आई जाऊन तीन वर्षं झाली आहेत, घरातली बाईमाणूस मीच, आणि तुम्ही भाजी कुठली आणायची इथपासून सगळं मला विचारता. मी रविवारच्या पाहुण्यांसाठी चिवड्याचे पोहे भाजते आहे. तुम्ही भर दुपारी कारखान्यातून तसेच येता, हातांचं ग्रीसही धुतलेलं नाही, आणि उंबऱ्याशी उभे राहता. धाकट्या भावाला आदल्या रात्री पोलीस कोतवालीत बसवलेलं असतं. पंधरा वर्षांचा मुलगा. बडा बाज़ारातल्या घड्याळवाल्याच्या दुकानातून ट्रान्झिस्टर उचललेला, हॉकीची कॉमेंट्री ऐकायला. शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभं राहून ऐकायचा त्याला कंटाळा आला होता. तुम्ही सांगता, ट्रान्झिस्टर परत मिळाला, घड्याळवाला म्हणतो बच्चा है, ले जाइए, दरोगा म्हणतो सही करा आणि न्या. बरोबर यायला कॉलनीतले दोघं तयार आहेत. एवढं सांगून तुम्ही मला विचारता, “आणू ना त्याला?”

मी पोह्यांवरची नजर न काढता म्हटलं, “अण्णा, रविवार होऊ द्या.”

मी वाईट नव्हते. एवढं मला आज तरी म्हणू द्या. नागपूरची माणसं मला पाहायला यायची होती, त्यांचे नातेवाईक आपल्यापासून दोन क्वार्टर सोडून राहत होते, आणि कोतवालीतून परतणारा मुलगा सगळ्या कॉलनीने दारात उभं राहून पाहिला असता. चार दिवसांचा तर प्रश्न होता. एखादी थप्पड बसेल, डाळ पातळ मिळेल, असा माझा हिशेब होता. तुम्ही माठातलं पाणी प्यायलात आणि पुन्हा कामावर गेलात. त्या चार दिवसांत मी घर इतकं घासलं की हाताची सालं निघाली.

रविवारी माणसं आली, दोनदा चिवडा मागून घेतला, आणि धाकट्याची चौकशी केली. तुम्ही सांगितलंत की तो साताऱ्याला मामाकडे गेलाय. तुम्हाला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. पण त्याआधी सोमवारी तुम्ही कोतवालीत गेलात तेव्हा त्याला शनिवारीच पुढे सुधारगृहात पाठवून दिलेलं होतं. घड्याळवाला म्हणाला, आता माझ्या हातात काही नाही. चौदा महिने. तुम्ही दर महिन्याला पास काढून भेटायला जात होतात, मी लाडू देत होते, आणि एकदाही बरोबर आले नाही. पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला विचारलं, का नाही आलात. तुम्ही घरी येऊन मला सांगितलंत, “मी त्याला म्हटलं, चार दिवस राहिलास तर अक्कल येईल असं मला वाटलं.” मग जेवायला वाढ म्हणालात. मी वाढलं. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

त्या वर्षी जूनमध्ये तुम्ही माझ्यासाठी लेडीज सायकल आणलीत. स्थळं काय, येतील तेव्हा येतील, तू कॉलेजात जा, असं म्हणालात. कॉलनीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला शिव्या दिल्या असत्यात तर किती बरं झालं असतं, अण्णा. सायकल पुसताना मी रोज रडायचे आणि तुम्हाला वाटायचं मला ती आवडली नाही. स्थळं पुढेही आली आणि गेली. धाकटा परत आला तो तुमच्याशी हिंदीत बोलू लागला, जसं ठाणेदाराशी बोलावं तसं. अठरा पूर्ण होताच इटारसीला गेला, मोटार वाइंडिंग शिकला, तिथलाच झाला. माझ्याशी त्याचं वाकडं नव्हतं. दिवाळीला मला साडी पाठवायचा. पार्सलावर फक्त माझं नाव असायचं आणि तुम्ही ते पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात द्यायचात.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तुम्ही दोनदा विचारलंत, आला का. मी म्हटलं, येतोय. एसटीडी बूथवरून मी त्याला फोन केला होता, अण्णा फार दिवस काढायचे नाहीत, ये. तो म्हणाला, “वो आए थे क्या मुझे लेने?” मीटरचे आकडे पळत होते. बूथमध्ये मी एकटी होते, दार बंद होतं, तुम्ही ऐकणार नव्हतात, कॉलनी पाहणार नव्हती. ते निघाले होते, मी थांबवलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते ऐकून तो रात्रीच्या गाडीने आला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. तुम्हाला अग्नी मी दिला. लोकांनी माझं कौतुक केलं.

एवढ्या बैठका घेतल्या मी. इतक्यांच्या तोंडून त्यांचा त्यांचा वाटा वदवून घेतला. नियम माझा, असं समजत होते. मंगळवारी त्या रिक्षावाल्याकडे पाहताना कळलं की तुम्हीही कधी दुसऱ्याच्या वाट्याचं बोलला नाहीत. उलट माझा वाटा उचललात आणि जन्मभर वागवलात. मला तुमची फार आठवण येते. आणि तुमचा रागही येतो, कारण तुम्ही एकदा तरी त्याच्यासमोर माझं नाव घेतलं असतंत तर आम्ही दोघं भांडलो असतो, आणि भांडून मिटवलं असतं. आता या घरात भांडायलाही कुणी नाही.

हे पत्र कुठे टाकणार मी. एक सांगते मात्र. सकाळी बसले ती त्याला लिहायला. त्याचं घरातलं नाव लिहिलं आणि पुढे दोन तास एक अक्षर उमटलं नाही. मग त्याच्या जागी ‘अण्णा’ लिहिलं आणि हात चालू लागला. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं. ज्याला माहीत नाही तो इटारसीला आहे, चौसष्ट वर्षांचा झालाय, आणि अजून तुमच्यावरच रागावलेला आहे.